कळमन्याच्या अडत दुकानासाठी वेब सॉफ्टवेअर करतोय, यूआय लायब्ररी कुठली घ्यावी?

संत्रापट्टी

नमस्कार मंडळी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका खोलीत आम्ही तिघं काम करतो. आजवर दवाखाने, शिकवण्या, मंगल कार्यालयं यांच्या साध्या वेबसाइट केल्या. रोज वापरायचं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच हाती आलं आहे, आणि चार दिवसांपासून आम्ही एकाच प्रश्नावर भांडून राहिलो आहोत: यूआय लायब्ररी, म्हणजे बटणं, रकाने, टेबल असे पडद्यावरचे तयार भाग, कुठली घ्यावी.

काम असं आहे. कळमन्याच्या फळबाजारात संत्र्याची अडत असलेलं दुकान. गाडी आली की गादीवरचे मुनीमजी शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, वजन, भाव लिहितात, हमाली, तोलाई, भाडं मांडतात आणि पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, फाडून देतात. हे सगळं ब्राउझरमध्ये आणायचं आहे. हंगामात दिवसाला तीनशे-चारशे पट्ट्या निघतात. शिवाय काटोल, नरखेड, वरुडकडच्या शेतकऱ्याला एसएमएसने लिंक जाईल आणि त्याला आपली पट्टी मोबाइलवर दिसेल. सगळं मराठीतच हवं. अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरात सुरू होतो, त्याच्या आत चालू झालं पाहिजे. हातात तीन महिने.

आम्हा दोघांना रिॲक्ट (जावास्क्रिप्टमध्ये पानं बांधायचं साधन) येतं. तिसऱ्याचा हात बूटस्ट्रॅप (पानाला तयार रूप देणारं) आणि जेक्वेरी (जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी) यांवर बसलेला आहे, रिॲक्ट तो आता शिकून राहिला. मटेरियल यूआय, अँट डिझाइन, टेलविंडवरचं शॅडसीएन आणि बूटस्ट्रॅप एवढे पर्याय पाहिले. डेमोचं पान सगळ्यांचंच सुंदर असतं, त्यावरून काही ठरत नाही. गादीवरचा संगणक जुना आहे, मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. लायसन्ससाठी पैसे द्यायची ताकद नाही.

ज्यांनी असं काम स्वतः केलं आहे त्यांनी सांगा.

बर्डीवरून

बूटस्ट्रॅप ५ घ्या. मे २०२१ मध्ये ५ आलं तेव्हापासून त्याला जेक्वेरी लागत नाही. तुमचा तिसरा माणूस पहिल्या दिवसापासून कामाला लागेल. तीन महिन्यांत हेच सगळ्यात मोठं भांडवल आहे.

फुटाळ्याकाठी

ताई, लायब्ररीचं नाव थोडं बाजूला ठेवा. मुनीमजी आज टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरतात का? वापरत असतील तर तुमचा अर्धा निर्णय तिथेच आहे.

मी इतवारीतल्या एका धान्याच्या ठोक दुकानाला बिलिंग करून दिलं होतं. त्या वेळी जी लायब्ररी सगळे वापरत होते तीच घेतली. पान देखणं झालं. तारखेला छोटं कॅलेंडर उघडायचं, ग्राहकाच्या नावाला ड्रॉपडाउन, सगळं हळुवार सरकत यायचं. मालकांना फार आवडलं. मुनीम मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीवर गेले. कारण विचारलं तर म्हणाले, "साहेब, माझा डावा हात बिलाच्या चळतीवर असतो आणि उजवा आकड्यांच्या की-पॅडवर. तुम्ही मला माऊस धरायला लावता." टॅलीत एंटर दाबला की कर्सर पुढच्या रकान्यात जातो. आमच्या पानावर एंटर दाबला की अर्धवट फॉर्म सेव्ह व्हायचा. वीस वर्षांची सवय त्या माणसाच्या बोटांत होती आणि आम्ही ती विचारातच घेतली नव्हती.

दुसरी चूक त्याहून वाईट. भावाच्या रकान्याला आम्ही एचटीएमएलचा नंबर प्रकार दिला होता. कर्सर त्या रकान्यात असताना पान खाली सरकवायला माऊसचं चाक फिरवलं की आकडा गुपचूप बदलतो. २४५० चा २४४९ होतो. असे किती झाले असतील ते मला आजही माहीत नाही. महिनाअखेरीला हिशेब जुळेना तेव्हा कळलं. तेव्हापासून पैशाच्या रकान्याला मी साधा टेक्स्ट प्रकार देतो आणि इनपुटमोड डेसिमल ठेवतो. मोबाइलवर आकड्यांचा की-पॅड येतो आणि चाकाचा प्रश्न मिटतो.

म्हणून सांगतो, चारही पर्याय घेऊन फक्त एकच पान बनवा: पट्टी भरायचं पान. त्यातला सगळ्यात अवघड तुकडा शेतकऱ्याच्या नावाचा आहे. दोन अक्षरं टाइप केली की खाली नावं यावीत, पहिलं आपोआप निवडलेलं असावं, आणि एकाच एंटरमध्ये नाव भरून कर्सर गावावर जावा. मटेरियल यूआयच्या ऑटोकंप्लीटमध्ये पहिला पर्याय आधीच निवडलेला ठेवायची सोय आहे, पण पुढच्या रकान्यात उडी मारायचं काम तुम्हालाच लिहावं लागेल. ते ज्या लायब्ररीत कमी भांडून होतं ती तुमची लायब्ररी. तारखेला कॅलेंडर नकोच. "१५ ११" एवढं टाइप केलं की चालू वर्ष धरून तारीख भरावी.

वर्धा_रोड

मी मिहानमध्ये एका कंपनीत याच कामावर आहे. माझं मत शॅडसीएनच्या बाजूने.

बाकी लायब्ऱ्या पॅकेज म्हणून येतात. आत काय चाललं आहे ते तुमच्या हातात नसतं. शॅडसीएन २०२३ मध्ये आलं ते वेगळ्या रीतीने: कंपोनंटचा, म्हणजे पानाच्या तयार भागाचा, कोडच तुमच्या प्रोजेक्टमध्ये उतरवला जातो. खाली रॅडिक्स असतं, ते फोकस, कीबोर्ड, स्क्रीन रीडर सांभाळतं. दिसणं टेलविंडने ठरतं. फुटाळ्याकाठी भाऊंनी सांगितलेली एंटरची उडी हवी असेल तर फाइल उघडा आणि लिहा. लायब्ररीच्या विरोधात जायची वेळच येत नाही.

दुसऱ्याच्या पॅकेजवर किती विसंबायचं हा प्रश्न मी गांभीर्याने घेतो. २५ डिसेंबर २०१८ ला अँट डिझाइन वापरणाऱ्या कितीतरी साइटवर बटणांवर अचानक बर्फ दिसायला लागला होता. नाताळची गंमत म्हणून तो कोड आधीच आवृत्तीत टाकून ठेवलेला होता आणि वापरणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. पुढे त्यांनी माफी मागून तो काढला. अँट डिझाइन आजही तगडी लायब्ररी आहे, टेबल आणि फॉर्मच्या बाबतीत तर फारच, पण ती सकाळ मी विसरलो नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. यूआय लायब्ररी नेहमी खालच्या फ्रेमवर्कच्या मागून चालते. व्ह्यू या रिॲक्टसारख्याच फ्रेमवर्कची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि त्यावरच्या व्ह्युटिफाय या यूआय लायब्ररीची तिसरी आवृत्ती पक्की होऊन यायला २०२२ ची अखेर उजाडली. मधली दोन वर्षं व्ह्युटिफायवरचे लोक पुढेही जाऊ शकत नव्हते आणि मागेही राहू शकत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्ट १९ आलं तेव्हा अँट डिझाइन ५ ला ते नीट चालवायला वेगळं पॅच पॅकेज लावावं लागलं. तुमचं दुकान हे सॉफ्टवेअर आठ-दहा वर्षं वापरणार. तुम्ही तिघंच ते सांभाळणार.

बर्डीवरून

वर्धा रोड भाऊ, कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरला म्हणजे त्यातली चूक दुरुस्त करायची जबाबदारीही आपलीच. मिहानमधल्या टीममध्ये त्यासाठी माणसं असतात. इथे तीन जण आहेत, त्यातला एक रिॲक्ट शिकून राहिला.

वर्धा_रोड

हे खरं आहे. मूळ कंपोनंटमध्ये सुधारणा झाली तर ती हाताने आणावी लागते. मी हे हलकं करून सांगत नाही.

गांधीबाग

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तुम्ही "सगळं मराठीतच" म्हणालात म्हणून थोडं लांब लिहितो. मी आधी छापखान्यात डीटीपी करत होतो, नंतर वेबकडे आलो. अक्षर तुटलेलं दिसलं की मला राहवत नाही.

यातली बहुतेक सगळी डिझाइनं रोमन लिपी समोर ठेवून केलेली आहेत. रोमन अक्षराला वर वेलांटी नाही, रफार नाही, खाली उकार नाही. म्हणून बटणाची, रकान्याची उंची आणि ओळींमधलं अंतर त्यांनी घट्ट धरलेलं असतं. तिथे मराठी भरलं की वरची वेलांटी नाही तर खालचा उकार कापला जातो. डेमोमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण डेमो इंग्रजीत असतो.

मटेरियल यूआयच्या बटणाला मुळातच थोडं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं. आपल्या शब्दाला लावलं की अक्षरं एकमेकांपासून सुटतात आणि शिरोरेषा तुटते. "जतन करा" हे "ज त न क रा" असं दिसायला लागतं. शॅडसीएनमध्ये उलट. तिथल्या शीर्षकांना अक्षरं जवळ ओढणारा क्लास असतो, त्यामुळे जोडाक्षरं एकमेकांवर चढतात. दोन्हीकडे थीममध्ये एकदाच लेटर-स्पेसिंग शून्य करून टाकायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण माहीत पाहिजे.

फॉन्टचं पाहा. मटेरियल यूआय रोबोटो धरून चालतं आणि रोबोटोत देवनागरी नाहीच. मग ब्राउझर सिस्टिमचा फॉन्ट उचलतो. विंडोज १० वर निर्मला यूआय येतो, अँड्रॉइडवर नोटो. एकाच ओळीत आकडे एका फॉन्टचे, अक्षरं दुसऱ्याची, आणि प्रत्येक यंत्रावर उंची वेगळी. त्यापेक्षा देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला एक फॉन्ट स्वतः द्या. 'एक टाइप' या संस्थेचा "मुक्त" नावाचा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात आकडेही स्वच्छ दिसतात. नोटो सॅन्स देवनागरीही चालेल. पानाच्या एचटीएमएल टॅगवर लँग म्हणून "एमआर" लिहायला विसरू नका. नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि ब्राउझर ते ही खूण पाहूनच काढतो. नाही लिहिलं तर हिंदी वळण दिसेल.

आता शोधाचं, कारण तुमच्या नावाच्या रकान्यात हेच अडेल. "कुऱ्हा" हे गाव घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त लिहितात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. मुनीमजींनी एका तऱ्हेने भरलं आणि तुम्ही मोबाइलवरून दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर गाव सापडणार नाही. मग तेच गाव पुन्हा नवीन भरलं जातं, एका शेतकऱ्याची दोन खाती होतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत) हे जुळवून देत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी आपणच एका तऱ्हेत बदलून घ्यायचं. हे कुठलीच यूआय लायब्ररी करून देत नाही.

आकड्यांसाठी जावास्क्रिप्टचं इंटल (आकडे त्या-त्या भाषेच्या रीतीने मांडणारी सोय) पुरे आहे. "एमआर-आयएन" दिलं की १,२५,००० असे देवनागरी आकडे येतात, "ईएन-आयएन" दिलं की लाखाचे स्वल्पविराम तसेच राहून आकडे इंग्रजी येतात. भरायच्या रकान्यात इंग्रजी ठेवा, कारण की-पॅड तेच देतो. शेतकऱ्याच्या पट्टीवर देवनागरी.

लायब्ररी पारखायची असेल तर डेमोच्या पानात ही चार गावं टाका: द्रुगधामना, मूर्तिजापूर, मोर्शी, कुऱ्हा. बटणात, रकान्यात, टेबलच्या डोक्यात आणि रकान्यावर तरंगणाऱ्या लेबलमध्ये. जिथे काही कापलं जात नाही ती निम्मी परीक्षा पास.

संत्रापट्टी

गांधीबाग दादा, आत्ता लगेच टाकून पाहिलं. तरंगणाऱ्या लेबलमध्ये "मूर्तिजापूर"ची वेलांटी चौकटीच्या रेषेत घुसून राहिली. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

फुटाळ्याकाठी दादा, हो, मुनीमजी टॅली वापरतात. उद्या सकाळी बाजारात जाऊन दोन तास नुसती त्यांच्या शेजारी बसते.

झिरो_माइल

टेबल आणि छपाईबद्दल लिहितो.

"डेटा ग्रिड" (तयार मोठं टेबल) हा शब्द ऐकून घाबरू नका आणि भुलूही नका. मटेरियल यूआयच्या ग्रिडची मोफत आवृत्ती एका पानावर १०० ओळींपर्यंतच दाखवते, पुढचं सशुल्क. एजी ग्रिडची मोफत आवृत्ती चांगली आहे, पण ओळींचे गट पाडणं आणि एक्सेल फाइल काढणं त्यांच्या सशुल्क भागात आहे. अडतीच्या दुकानात "गावाप्रमाणे गट" आणि "एक्सेल द्या" ही मागणी पहिल्या आठवड्यातच येते.

मोठ्या ग्रिड फक्त डोळ्यांसमोरच्या ओळी बनवतात, बाकीच्या पान सरकवलं की बनतात. लाख ओळींसाठी ते बरोबरच आहे. पण मग ब्राउझरमध्ये कंट्रोल-एफ करून नाव शोधलं तर खालच्या ओळीतलं नाव सापडत नाही, कारण ती ओळ अजून पानावर नाहीच. प्रिंट दिलं तर दिसत होतं तेवढंच कागदावर येतं. तुमच्या दिवसाला चारशे ओळी. चारशे ओळींचं साधं एचटीएमएल टेबल तो जुना संगणकही आरामात दाखवेल. टेबलचं डोकं थेड या एचटीएमएल टॅगमध्ये ठेवा, म्हणजे दिवसाचा गोषवारा छापताना प्रत्येक कागदावर ते आपोआप परत येतं. क्रमवारी आणि गाळणी हवी असेल तर टॅनस्टॅक टेबल घ्या, ते मोफत आहे आणि फक्त हिशेब सांभाळतं, टेबल कसं दिसावं ते तुमच्याकडे सोडतं.

पट्टी कधीही पॉपअपच्या आतून छापू नका. पॉपअप पडद्याला चिकटवलेला असतो, मागचं पान कागदावर झिरपतं. पट्टीसाठी वेगळं साधं पान ठेवा, त्यात कुठलीच लायब्ररी नको. प्रिंटर कुठला आहे?

संत्रापट्टी

८० मिलिमीटरच्या रोलचा थर्मल आहे.

झिरो_माइल

मग तर वेगळं पानच. सीएसएसमध्ये ॲट-पेजने रुंदी सांगा आणि करड्या रंगाचा मजकूर नको. थर्मलवर करडा रंग ठिपक्यांत फुटतो आणि बारीक उकार उडून जातात.

काटोल_नाका

मी लायब्ररी वगैरे फार जाणत नाही, टेस्टिंगचं काम करतो. पण माझ्या घरी काटोलजवळ संत्र्याची बाग आहे आणि तुमची ती लिंक माझ्या बाबांसारख्याच माणसाच्या मोबाइलवर उघडणार आहे, म्हणून लिहून राहिलो.

बाबांचा फोन माझा जुना फोन आहे. अँड्रॉइड ६. गावातल्या कितीतरी लोकांचे फोन असेच, मुलाने नवा घेतला की जुना वडिलांकडे जातो. अँड्रॉइड ६ वर क्रोम १०६ च्या पुढे जातच नाही. टेलविंडची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तिला क्रोम १११ किंवा पुढचं लागतं. म्हणजे त्या फोनवर रंग आणि मांडणी धड दिसणार नाही, आणि तुम्हाला ते कळणारही नाही, कारण तुमच्या फोनवर सगळं ठीक दिसतं. बूटस्ट्रॅप ५ क्रोम ६० पासून चालतं.

पण मी तर म्हणतो शेतकऱ्याच्या पानाला लायब्ररी काहून पाहिजे? त्याला पाहायचं काय आहे? किती माल गेला, काय भाव लागला, काय कापलं, हाती किती येणार. हे सर्व्हरवरूनच तयार एचटीएमएल म्हणून पाठवा. रिॲक्ट नको, काही नको. बागेत रेंज एक काडी येते. जावास्क्रिप्ट अर्धी उतरली की पांढरं पान दिसतं. शेतकऱ्याला वाटतं पट्टीच निघाली नाही, आणि तो फोन करून अडत्याशी वाद घालतो. वर्षभराची मेहनत त्या एका कागदावर असते, ते पान उघडलं नाही तर माणसाच्या पोटात गोळा येतो.

अक्षर मोठं ठेवा, १८ पिक्सेलच्या खाली नको. हाती येणारी रक्कम सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठी. रंग गडद. पान उन्हातच उघडलं जाणार आहे, मृग बहाराचा माल निघतो तोवर तर मार्चचं ऊन लागलेलं असतं. वेब सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि मागच्या रंगाचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलं आहे. तुम्ही ७ च्या वर ठेवा. "डाउनलोड" असं नुसतं खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह देऊ नका, "पट्टी मोबाइलमध्ये ठेवा" असं लिहा.

फुटाळ्याकाठी

काटोल नाका, हे तू लिहिलंस ते बरं झालं. ताई, याने सांगितलेलं सगळ्यात आधी करा. दोन पानं दोन वेगळ्या माणसांची आहेत, त्यांना एकाच लायब्ररीत कोंबायची गरज नाही.

बर्डीवरून

सहमत. आणि फोन उसना आणा, ब्राउझरच्या आत मोबाइलचा आकार करून पाहणं वेगळं आणि खरा जुना फोन वेगळा.

वर्धा_रोड

टेलविंड ४ बद्दल काटोल नाका यांचं बरोबर आहे, मी ते धरलंच नव्हतं. गादीवरच्या संगणकावर क्रोम कुठलं आहे तेही पाहून घ्या. विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ वर थांबलेलं असेल, म्हणजे तिथेही टेलविंड ४ बाद. ३ वापरता येईल, पण नव्या कामाची सुरुवात मागच्या आवृत्तीवर करायची का हे तुम्ही ठरवा.

संत्रापट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहिते आहे कारण मधले दिवस बाजारात गेले.

वर्धा रोड दादा, गादीवरच्या संगणकावर विंडोज ७ च निघालं. क्रोम १०९. तुमचा तो एक परिच्छेद नसता तर आम्ही शॅडसीएन टेलविंड ४ वर बांधून सप्टेंबरात तिथे नेलं असतं.

मुनीमजींच्या शेजारी दोन सकाळ बसले. ते नाव आधी लिहीत नाहीत. आधी वजन आणि भाव, कारण लिलाव तोंडी होतो आणि तो आकडा कानातून निसटायच्या आत कागदावर यायला पाहिजे. नाव-गाव नंतर, चिठ्ठी पाहून. आमच्या आराखड्यात क्रम बरोबर उलटा होता. हे कुठल्याही लायब्ररीच्या माहितीत सापडलं नसतं.

मग पट्टीचं पान दोन तऱ्हेने बनवलं. एक मटेरियल यूआयवर पूर्ण. दुसऱ्यात दिसणं बूटस्ट्रॅपच्या सीएसएसने, रिॲक्ट आम्ही लिहिलेलं, आणि फक्त नाव सुचवणारा रकाना हेडलेस यूआयचा. हेडलेस यूआयला स्वतःचं रूप नसतं, कीबोर्ड आणि फोकस तेवढं सांभाळतं. मुनीमजींना दोन्हीवर दहा-दहा पट्ट्या भरायला दिल्या. मटेरियलवर त्यांना लेबल कुठे गेलं ते कळेना, रकान्यात लिहायला लागलं की ते वर सरकतं आणि बारीक होतं. दुसऱ्यावर लेबल रकान्याच्या डावीकडे स्थिर ठेवलं होतं, टॅलीसारखं. चौथ्या पट्टीनंतर त्यांनी पडद्याकडे पाहणंच सोडलं, नजर चिठ्ठीवर आणि बोटं की-पॅडवर. तिथेच ठरलं.

म्हणजे बूटस्ट्रॅप, पण त्याच्या जावास्क्रिप्टशिवाय. आमचा तिसरा जोडीदार आता रोजच्या गोषवाऱ्याची सगळी पानं एकटा करून राहिला, कारण ते क्लास त्याला पाठ आहेत. टेबल साधं. लेटर-स्पेसिंग शून्य, ओळींचं अंतर १.७, फॉन्ट "मुक्त". कुऱ्हा आता दोन्ही तऱ्हेने सापडतं. त्यात एक भर: मुनीमजींच्या जुन्या यादीत "कुर्हा" असंही होतं, रफार देऊन. तेही त्याच खात्याकडे वळवलं.

शेतकऱ्याचं पान पूर्णपणे सर्व्हरवरून जातं, त्यात जावास्क्रिप्टची एकही ओळ नाही. फॉन्टही पाठवत नाही, फोनमधलाच वापरतो. काटोल नाका दादा, तुमच्या बाबांच्या फोनवर उघडून पाहता येईल का? चाचणीची लिंक निरोपात पाठवली आहे.

काटोल_नाका

पाहिलं. बागेत नेऊन उघडलं, एक काडी होती. आलं. रक्कम बाबांनी चष्म्याशिवाय वाचली. दोन गोष्टी: "तोलाई" आणि "हमाली" वेगवेगळ्या ओळीत दाखवा, तुम्ही एकत्र "खर्च" लिहिलं आहे. बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला की खर्च म्हणजे काय काय. आणि गाडी क्रमांक पट्टीवर पाहिजे, दोन गावांचा माल एका गाडीत आला की त्यावरूनच ओळखतात.

संत्रापट्टी

दोन्ही आजच करते. उद्या दुकानात थर्मल प्रिंटर लावून पहिली पट्टी काढायची आहे. झिरो माइल दादा, ८० मिलिमीटरमध्ये "द्रुगधामना" एका ओळीत पूर्ण उमटतं का आणि खालचा उकार राहतो का ते फोटोसकट इथेच टाकते.